बूट आप्पांचे, पाय वर्षाराणीचे

लातूरच्या मोंढ्यात गुळाच्या आडतींची रांग आहे, तिथं गुरुपादप्पा कलशेट्टींचं दुकान विचारा. लोक आधी हसतील आणि मग बोट दाखवतील. पूर्वी हे हसणं कौतुकाचं असायचं. आप्पांच्या जिभेला धारच तशी. सौद्याला उभे राहिले, ढेपेवर टिचकी मारली आणि दोन शब्द बोलले, की शेतकरी हसायचा, खरेदीदार हसायचा आणि भाव कधी ठरून गेला ते दोघांनाही कळायचं नाही. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा आणि तोंड सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालू. साठी उलटली तरी हा माणूस गादीवर गप्प बसलेला कुणी पाहिला नव्हता.

आणि बोलणं असायचं ते बहुतेक वेळा वर्षाराणीबद्दल.

वर्षाराणी म्हणजे किल्लारीच्या ग्यानोबाची थोरली लेक. ग्यानोबाचं गुऱ्हाळ होतं, गूळ आप्पांच्या आडतीवर यायचा, आणि टेम्पोत ढेपांच्या शेजारी अंग चोरून बसलेली ही पोरगीही यायची. एकदा ग्यानोबा सहज म्हणाला, "आप्पा, ही शाळेच्या शर्यतीत अनवाणी पळून पहिली आली बगा." आप्पांनी पोरीच्या पायांकडं पाहिलं. टाचांना भेगा, अंगठ्याचं नख उचकटलेलं. त्यांनी तिथल्या तिथं मलप्पा दिवाणजीला गंजगोलाईच्या बाजारात पिटाळलं आणि पळायचे बूट मागवले. ते जरा मोठेच आले, तर पुढं कापूस कोंबून दिला. पोरगी "मामा" म्हणून पाया पडली, आणि त्या दिवसापासून आप्पा तिचे मामा झाले.

आता चांगल्या मनानं एखाद्या लेकराला बूट घेऊन देणं ही चांगलीच गोष्ट. पण ती जन्मभर सांगत फिरायची नसते, हे आप्पांना कुणी शिकवलंच नव्हतं. पोरगी नांदेडला शेषेराव सरांच्या हाताखाली मैदानावर तयार झाली, राज्यात चमकली, देशातल्या चांगल्या पळणाऱ्या पोरींत तिचं नाव आलं, खेळाच्या जोरावर रेल्वेत नोकरी लागली. पळणं हाच तिचा धंदा झाला. पाच हजार मीटर, दहा हजार मीटर, असल्या दमछाक करणाऱ्या शर्यती. आणि ती कुठंही जिंकली, की मोंढ्यात पेढे आप्पांचे, भाषण आप्पांचं, आणि भाषणाच्या शेवटी सवाल ठरलेला, "हिला पहिले बूट कुणी घेऊन दिले?" हमाल पोती खाली ठेवून ओरडायचे, "आप्पांनी!"

खरं सांगू का, आप्पांना पळण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला मैदानावर पळताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. बोलवायची ती. "मामा, नांदेडला या की एकदा, सरावाला." आप्पा म्हणायचे, "सौदे कोण करणार, तुझे सर?" त्यांना कळायचा तो नंबर. पहिली आली की पोरगी लाखात एक. दुसरी आली की थोडी कसर राहिली. त्याच्या खाली काही असतं, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

मग मागच्या वर्षी तिची निवड परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेसाठी झाली. सगळ्या आशिया खंडातल्या पळणाऱ्या बाया तिथं यायच्या होत्या. बातमी आली त्या दिवशी आप्पांनी सौदा थांबवून सांगून टाकलं, "गोल्ड आपलंच. लिहून ठेवा." लिहायचं कशाला, सोमेश तिथंच होता. हा सोमेश म्हणजे मोबाईलवर लातूरच्या बातम्यांचं चॅनल चालवणारा तरुण, हातात कायम माईक. त्यानं ते दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या मोंढ्यात वर्षाराणीचं गोल्ड येऊनच बसलं होतं. यायचं बाकी होतं ते फक्त विमानानं.

शर्यतीच्या दिवशी आडतीपुढं मांडव घातला. मोठा टीव्ही लावला. ग्यानोबाला किल्लारीहून मुद्दाम बोलावून घेतलं, पहिल्या खुर्चीवर बसवलं, खांद्यावर शाल टाकली. तो बिचारा शालीला हात लावावा की नको म्हणून अवघडून बसला होता. म्हणाला, "आप्पा, आधी पळू तर द्या." आप्पा म्हणाले, "गप रे तू. बापाला काय कळतंय!"

मांडवात गलका इतका, की टीव्हीचा आवाज ऐकूच येईना. आला असता तरी ते इंग्रजी बोलणं कुणाला समजणार होतं? चकरा पंचवीस असतात एवढं मलप्पानं मोबाईलवर बघून सांगितलं होतं, पण मोजत कुणीच नव्हतं. निळ्या कपड्यातली आपली पोरगी कधी दिसायची, कधी गायब व्हायची. कॅमेरा पुढच्या दोघी-तिघींनाच दाखवत होता. लोक कंटाळले. कुणी भजी मागवली.

आणि अचानक पडद्यावर वर्षाराणी दिसली. सगळ्यांच्या पुढं! मागं त्या दोन परदेशी बाया, ज्या मघापासून पहिल्या-दुसऱ्या होत्या, आणि त्यांच्या पुढं आपली निळी पोरगी!

"आली! पुढं आली रे!" आप्पा खुर्चीवर उभे राहिले. "लाव रे मलप्पा, लाव!"

मलप्पानं लड लावली. मोंढा हादरला. हमालांनी गुलाल उधळला, कुणी आप्पांनाच खांद्यावर घेतलं. सोमेश कॅमेरा घेऊन ओरडत होता, "लातूरची लेक आघाडीवर!" फटाक्यांचा धूर टीव्हीसमोर आला, आणि तो जरा निवळेपर्यंत त्या दोघी बाया वर्षाराणीच्या बाजूनं पुढं निघूनही गेल्या होत्या.

मांडवाच्या कडेला उभा असलेला एक कॉलेजचा पोरगा हळूच म्हणाला, "आप्पा, ती पुढं नव्हती. त्या तिच्या एक चक्कर पुढं हायत. मागून येऊन तिला ओलांडून गेल्या."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग कळलं. मग ती परदेशी बाई शेवटची रेषा ओलांडून जमिनीवर आडवी झाली, तिच्या अंगावर तिच्या देशाचा झेंडा आला, फोटो निघाले, आणि त्या सगळ्याच्या मागं, पडद्याच्या कोपऱ्यात, एक निळा ठिपका अजून पळत होता.

"ती बगा, अजून पळूनच राहिली," कुणीतरी म्हणालं, आणि मांडव खदखदून हसला.

गुलालानं माखलेले आप्पा खांद्यावरून खाली उतरले. ती नववी आली होती. आप्पांचे कान तापले होते, पायाखाली फटाक्यांचे लाल कागद, आणि सगळा मोंढा त्यांच्याकडं बघत होता. असं कुणी बघायला लागलं, की आप्पांना एकच उपाय माहीत होता, बोलणं. सोमेशनं माईक तोंडापुढं धरला. "आप्पा, प्रतिक्रिया?"

"काय प्रतिक्रिया देऊ?" आप्पा म्हणाले. "आमी इथं फटाके फोडून राहिलो, अन् बाई तिथं फिरायला गेल्यावानी पळून राहिली. लातूरच्या मोंढ्याचं नाक कापलं. अरे, बूट मी घेऊन दिले. आता पाय बी मीच द्यायचे काय?"

मांडव पुन्हा हसला. पण या वेळी हसणं आप्पांवर नव्हतं, आप्पांच्या बाजूनं होतं. आप्पांना श्वास आला. त्यांनी वळून बघितलं, तर ग्यानोबा उठून उभा होता. त्यानं खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि किल्लारीची जीप धरायला निघून गेला.

"ग्यानोबा! अरे, गमतीनं बोललो!" आप्पांनी हाक मारली. त्यानं मागं पाहिलं नाही.

तो व्हिडिओ किती जणांनी पाहिला ते विचारू नका. लातूर, उदगीर, निलंगा, नांदेड, सगळीकडं "पाय बी मीच द्यायचे काय" चाललं. परीक्षेत नापास झालेल्या पोराला बाप हेच म्हणू लागला. ट्रॅक्टर चालू झाला नाही की लोक तेच म्हणायचे. कुणी त्यावर गाणं बसवलं, मागं ढोलकी लावली. आणि लाज वाटावी ती गोष्ट म्हणजे पहिले दोन-तीन दिवस आप्पांना हे आवडलं. हॉटेलात गेले की पोरं टाळ्या द्यायची. आप्पा हात वर करायचे.

घरी बायकोनं, शिवगंगाबाईंनी, मात्र जेवायला वाढताना विचारलं, "सोताच्या लेकीला असं बोलला असता का?"

"गंमत केली गं. सगळे हसले."

"ग्यानोबा हसला का?"

आप्पा भाकरी मोडत राहिले. 

पुढच्या आठवड्यात शेषेराव सर नांदेडहून बसनं आले. उंच, काटकुळा माणूस, डोक्यावर उन्हानं विटलेली टोपी. गादीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आप्पा, भांडायला आलो न्हाई. काम घेऊन आलोय."

"बोला की सर."

"तुमी तिचा नंबर बघितला. वेळ बघितली का तिनं काय लावली ती?"

"आमाला काय कळतंय त्यातलं."

"मग ऐका. एवढी जोरात ती जन्मात कधी पळाली नव्हती. सोताचाच जुना विक्रम अर्ध्या मिनिटानं मोडला. दहा हजारात अर्धं मिनिट म्हणजे काय हे कसं सांगू तुमाला? लोकांची वर्षं जातात तेवढ्यासाठी. पुढं ज्या होत्या त्या जगातल्या नामी बाया. त्या तिला ओलांडून गेल्या तरी पोरगी बिचकली न्हाई, आपला वेग धरून शेवटपर्यंत गेली. मी तिथं कठड्याला धरून रडलो, आप्पा. खुशीनं. ती बी हसून राहिली होती. म्हणाली, सर, आधी मामाला फोन लावते." सरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "अन् तिनं फोन हातात घेतला, तर त्यावर तुमचा व्हिडिओ."

दुकानात हमाल येत-जात होते. मलप्पा तराजूपाशी काहीतरी पुटपुटत होता. आप्पांना वाटलं, हे सगळे आपल्याकडंच बघतायत.  

सरांनी काम सांगितलं. महिन्याभरानं, एका रविवारी, बेंगळुरूला निवड चाचणी होती. परदेशात जी वेळ लावली तेवढी तिथं पुन्हा लावली, तर पुढच्या मोठ्या स्पर्धेच्या शिबिरात तिची जागा पक्की. "वय निघून चाललंय तिचं. ही संधी गेली तर पुन्हा मिळायची न्हाई. अन् ती किल्लारीला जाऊन बसलीय. सराव करती, पण माझा फोन उचलना. रजा टाकलीय. निरोप धाडलाय, चाचणीला येत न्हाई. तुमचं ऐकल ती. तुमच्या बोलण्यानंच खचलीय, तुमीच उभी करा."

"उद्याच जातो," आप्पा म्हणाले. "सर, पाय धरून माफी मागतो तिची. लेकराचे पाय धरायला लाज कसली?"

आणि हे ते अगदी मनापासून म्हणाले. तेवढ्यापुरतं तरी.

दुसऱ्या दिवशी ते किल्लारीला गेले. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, सरळ गल्ल्या, एकसारखी घरं. ग्यानोबा अंगणात दोरी वळत बसला होता. "या," म्हणाला, खाट पुढं सरकवली, आणि पुन्हा दोरीला लागला. जीपमध्ये बसल्यापासून आप्पा वाक्यं जुळवत होते. वर्षाराणी, मी मूर्ख माणूस. वर्षाराणी, मला कळलं न्हाई. वर्षाराणी, चाचणीला जा.

ती पाणी घेऊन बाहेर आली. किती बारीक पोरगी ही! टीव्हीत एवढी बारीक दिसत नाही. तांब्या ठेवून ती वाकली, आप्पांच्या पायांना हात लावला, आणि उठलीच नाही.

"मामा, चुकलं माझं."

"अगं, काय हे? ऊठ!"

"न्हाई, बोलू द्या. तुमची मान खाली गेली माझ्यापायी. मी तिथं हसून राहिले होते, मामा. मला वाटलं, लई चांगलं पळाले. मग व्हिडिओ बघितला, तवा कळलं की इकडं तुमी सगळे तोंड लपवून बसलेत. बाबा पहिल्या खुर्चीवर होते म्हणं. माझी मलाच लाज वाटली. एवढ्या लोकांचं हसं करून मी येडी तिथं हसत होते."

आता बोलायचं होतं. आत्ताच. तू नाही, मी चुकलो. तू हसत होतीस तेच बरोबर होतं. केवढं सोपं वाक्य! पण ती रडत माफी मागत होती, आणि समोर माणूस माफी मागायला लागला की वरचढ बसलेल्याला एक बरं वाटतं. ते बरं वाटणं आप्पांच्या अंगात उतरलं, आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "जाऊ दे लेकरा. झालं ते झालं. माझ्या मनात काही न्हाई."

झालं! माफी मागायला गेलेला माणूस माफी देऊन मोकळा झाला.

वर्षाराणीनं डोळे पुसले. तिचा चेहरा उजळला. "मी ठरवलंय मामा. आपल्या लातूरची मॅरेथॉन हाय ना, त्यात पळते. तिथं मीच पहिली येते, हे लिहून घ्या. सगळ्या मोंढ्यासमोर. मग कुणी तुमाला हसणार न्हाई."

"अन् ती बेंगळुरूची चाचणी?"

"ती त्याच रविवारी हाय. तिथं जाऊन काय करू? त्यातनं पुढं गेले तर पुन्हा त्याच बाया, पुन्हा नववी, धाव्वी. मोंढ्याला काय सांगणार तुमी?" तिनं आप्पांकडं बघितलं. "जाऊ का, मामा? तुमी जा म्हणला तर जाते."

दोरी वळणारे ग्यानोबाचे हात थांबले.

तिनं तो प्रश्न सरळ त्यांच्या ओंजळीत टाकला होता. जा, एवढंच म्हणायचं. एक अक्षर. आप्पांनी तोंड उघडलंही. पण त्यांच्या डोळ्यांपुढं लातूरचा रस्ता आला, दुतर्फा माणसं, पहिली येणारी वर्षाराणी, आणि तिच्या बाजूला ते. सोमेशचा माईक. हमालांचं "आप्पांनी!" हे सगळं फुकट घरी चालत आलेलं. बेंगळुरूला ती काय लावणार ती वेळ मोंढ्यातल्या कुणाला समजावून सांगायची? जिथं तिथं लोक तेच गाणं म्हणतायत, ते बंद कसं व्हायचं?

"तुझी मर्जी, लेकरा," आप्पा म्हणाले. "तुला जे बरं वाटल ते कर."

ग्यानोबानं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, आणि पुन्हा दोरी वळायला घेतली. त्या बघण्यानं आप्पांना खाटेवर बसवेना. चहा न घेताच ते निघाले.

वाटेत शेषेराव सरांचा फोन आला. "काय म्हणली?"

"लई समजावलं, सर," आप्पा म्हणाले. "लई. ऐकंना झालीय."

फोन ठेवला तेव्हा जीपमधल्या शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं आप्पा, बरं न्हाई का?" आप्पांनी मान हलवली आणि बाहेर तुरीच्या शेतांकडं बघत राहिले.

मग सगळा महिना हा असा गेला. रोज सकाळी लिंगपूजेला बसले की मनात यायचं, आज फोन करू. आज सांगू, जा बाई, जा. अजून वेळ गेलेली नाही. आणि रोज दुकानात आले की कुणीतरी म्हणायचं, "आप्पा, वर्षाराणी पळायलीय म्हणं लातुरात! आता बगा!" चौकात तिचे फलक लागले, त्यात कोपऱ्यात आप्पांचा फोटो. मलप्पा म्हणाला, "आप्पा, पुन्हा तोंड वर झालं बगा आपलं." फोन खिशातच राहायचा. एकदा त्यांनी तिचं नाव काढलंसुद्धा, बोट ठेवलं, आणि घंटी वाजायच्या आधी बंद केला. शिवगंगाबाईंनी पाहिलं. 

रविवारी मॅरेथॉन झाली. तिला मॅरेथॉन म्हणायचं ते आपलं म्हणायचं. शाळेची पोरं, पोलिसभरतीची तयारी करणाऱ्या पोरी, डॉक्टर मंडळी, असे सगळे पळत होते. वर्षाराणीनं पहिल्या वळणालाच सगळ्यांना मागं टाकलं. दुसरी पोरगी येईपर्यंत हिचा घाम वाळला होता. लातूर वेडं झालं. "वर्षाराणी! वर्षाराणी!" म्हाताऱ्या बाया घरातून ओवाळायला बाहेर आल्या. पहिली वेळ आप्पांची, तिला समोरून पळत येताना बघायची. तिचे पाय जमिनीला लागतायत की नाही असं वाटत होतं. ती दमलीच नव्हती. एवढी ताकद आत भरून ठेवलेली पोरगी आपण कुठं आणून पळवली, हे त्या गर्दीत एकट्या आप्पांना दिसलं, आणि ते टाळ्या वाजवत राहिले.

संध्याकाळी मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी तिची गूळतुला ठेवली. पुढाऱ्यांची करतात तशी. आताचे काटे विजेवरचे, तुलेला ते शोभत नाहीत, म्हणून गोदामातला जुना मोठा तराजू काढला, साखळ्या पुसल्या, तीन लाकडांच्या तिकटीला टांगला. एका पारड्यात वर्षाराणी, दुसऱ्यात आप्पांच्या हातानं ढेपा. तिचं वजन झालेला गूळ अनाथाश्रमाला जायचा होता.

आप्पा ढेप उचलायला वाकले तोच खिशात फोन वाजला. शेषेराव सर. आप्पा जरा बाजूला झाले.

"सहज केला फोन, आप्पा," सर म्हणाले. "चाचणी झाली सकाळी. पहिली आली ती केरळची पोरगी. चांगली हाय. पण आपली वर्षाराणी परदेशात पळाली तशी पळाली असती ना, तर हीच मागं राहिली असती तिच्या. लई मागं."  मग म्हणाले, "जाऊ द्या. तुमी तरी काय करणार? तुमी तुमच्या परीनं समजावलंच की. तुमचे उपकार हायत."

आप्पांनी "हं" म्हटलं. उपकार हा शब्द कानात गेला आणि तिथंच बसला. मागून लोक ओरडत होते, "आप्पा, ढेप! ढेप ठेवा!"

ते आले. पहिली ढेप ठेवली. पारडं हललं. दुसरी ठेवली. "आरं, पोरीला वजनच न्हाई!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. आदल्या तुलेच्या पुढाऱ्याला अर्धं गोदाम लागलं होतं. इथं थोड्याच ढेपांत वर्षाराणीचं पारडं जमिनीवरून उचललं गेलं आणि ती अधांतरी तरंगायला लागली. गळ्यात हार, डोक्यावर फेटा, तो मोठा झालेला, डोळ्यांवर घसरणारा. लोकांनी गुलाल उधळला. ग्यानोबा कुठंच दिसत नव्हता. तो आला नव्हता.

पारडं समपातळीत आलं तेव्हा तिचा चेहरा आप्पांच्या चेहऱ्यासमोर आला, अगदी हातभर अंतरावर. गोंगाटात फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं ती वाकून म्हणाली,

"मामा, आता बरं वाटतंय ना?"

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर आप्पांनी तो आनंदानं घेतला असता. पोरगी खरंच विचारत होती. काळजीनं.

तू नाही, मी चुकलो, हे चार शब्द ओठांवर आले होते. त्यांच्या मागं अजून पुष्कळ होते. पण समोर सोमेशचा माईक होता, सगळा मोंढा होता, आणि उत्तर ऐकायला ती थांबली होती.

"हाव," गुरुपादप्पा म्हणाले. "लई बरं वाटलं."

वर्षाराणीनं सुटकेचा श्वास सोडला आणि हसली, आणि लोकांनी दोघांचा फोटो काढला.